घंगाळावरचं नाव

आमच्याकडे भांडं विकत घेतलं की घरी आणण्याआधी त्यावर नाव घालून घ्यायची पद्धत. लग्नात द्यायचं असेल तर हमखास. कुणी, कुणाला, कशानिमित्त, गाव आणि साल. नाव घालणारा छन्नी-हातोडीने टिंब टिंब करत बघता बघता अक्षरं उमटवून देई. आमच्या खंडाळ्याच्या घरात (हे सातारा जिल्ह्यातलं, खंबाटकी घाटाच्या पायथ्याचं खंडाळा, लोणावळ्याजवळचं नव्हे!) माळ्यावर अशी तांब्या-पितळेची भांडी बरीच पडून आहेत. त्यांचं काय करायचं यावर सध्या भावंडांत चर्चा चालू आहे, आणि बहुमत 'मोडीत देऊन टाका' या बाजूला आहे. म्हणून हे लिहायला बसलोय.

रशियात सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात एक वीतभर उंचीची बादली आहे. आपल्या भाषेत घंगाळच म्हणा, कारण तीही आंघोळीच्या पाण्यासाठीचीच मानतात. ११६३ साली हेरातमध्ये घडवलेली. हेरात आज अफगाणिस्तानात आहे, पण तेव्हा ते इराणी संस्कृतीच्या खोरासान प्रांतातलं मोठं शहर होतं. ओतीव धातूच्या अंगावर चर खोदून त्यात चांदी आणि तांबं ठोकून बसवलेलं. त्यावर घोडेस्वार आहेत, वादक आहेत, मद्याच्या मैफली आहेत, पटावर खेळ मांडून बसलेली माणसं आहेत. थोडक्यात, राजेरजवाड्यांची सगळी करमणूक. गंमत म्हणजे ती ज्याच्यासाठी केली तो राजा नव्हता, व्यापारी होता! दरबारी थाट आपल्याही घरात असावा, ही हौस फार जुनी आहे.

त्या काळच्या अशा भांड्यांवर मालकासाठी आशीर्वाद कोरलेले असत. भाषा अरबी, पण शब्द बघा: इज्ज, इकबाल, दौला, सलामा... आणि शेवटी 'साहिबाला', म्हणजे मालकाला. इज्जत, दौलत, सलामत, साहेब! आपल्या आजीला अरबी येत नव्हतं, तरी यातले शब्द तिने आयुष्यभर वापरले.

ते आपल्यापर्यंत आले कसे? एक मोठी वाट दख्खनच्या सुलतानांच्या दरबारातून येते. बहमनी राज्य १३४७ साली सुरू झालं आणि पुढच्या शतकात त्याची राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला गेली. या सुलतानांनी इराणकडून विद्वान, सैनिक, कारागीर बोलावले. इराणच्या गिलानमधून आलेला महमूद गावान तर वजीर झाला. १४७२ साली त्याने बिदरात बांधलेला मदरसा आजही उभा आहे. आपला शिरवळ-वाईचा मुलूख आधी या बहमनींच्या आणि मग विजापूरच्या आदिलशाहीच्या अमलाखाली होता. दरबारच्या रीतीभाती सरदारांच्या वाड्यात आल्या, तिथून हळूहळू सगळ्यांच्या मांडवात. गुलाबदाणी, अत्तरदाणी, पानदान, पिकदाणी, तबक, सुरई. यातलं 'दाणी' म्हणजे फारसी 'दान', काहीतरी ठेवायचं पात्र. शिवाजी महाराजांच्या काळात फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश तयार झाला. तरी आजही मांडवाच्या दारात कुणी 'गुलाबदाणी कुठंय?' असंच ओरडतं.

बिदरने या इराणी कलेला स्वतःचं रूप दिलं. बिदरीच्या भांड्यात जस्त मुख्य, तांबं थोडंसंच. ते ओतायचं, घासून गुळगुळीत करायचं, मोरचुदाच्या पाण्याने तात्पुरतं काळं करून त्यावर नक्षी रेखायची. मग छन्नीने चर खोदून त्यात चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवायचा. शेवटी बिदरच्या किल्ल्यातली जुनी माती आणि नवसागर पाण्यात कालवून गरम भांड्यावर चोळायचं. भांडं कायमचं काळं होतं, चांदी मात्र पांढरीच राहते.

आता मला अडलेली गोष्ट. जुन्या बिदरी हुक्क्यांवर, सुरयांवर घडवणाऱ्याचं नाव सहसा सापडत नाही. आपल्या घंगाळांवरही नाही. देणाऱ्याचं असतं, घेणाऱ्याचं असतं. पण ज्या हाताने ती अक्षरं पाडली, त्याने स्वतःचं नाव कधी घातलं नाही, आणि घालू दे असं त्याला कुणी म्हटलंही नाही. हेरातची बादली मला म्हणूनच आवडते. तिच्यावर ती बनवून घेणारा आणि तिचा मालक तर आहेतच, पण घडवणारा महंमद इब्न अब्दुल वाहिद आणि त्यावर काम करणारा मसूद इब्न अहमद हेही आहेत. मसूदच्या नावापुढे 'अल-नक्काश' लिहिलंय. आपली 'नक्षी' त्याच घरातली. साडेआठशेहून जास्त वर्षं झाली, व्यापाऱ्याच्या भल्यामोठ्या पदव्यांबरोबर त्या दोघांचीही नावं टिकून आहेत. बिदरचे कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा म्हणूनच फार बरं वाटलं.

असो. मुद्द्यावर येतो. मोडीवाला भाव देईल तो वजनाचा. आपल्या मोठ्या घंगाळाच्या काठावर आजीच्या माहेरचं आडनाव आहे, 'शिरवळ' आहे आणि 'वैशाख शके १८६९' आहे. म्हणजे १९४७ सालचा उन्हाळा, तिच्या लग्नाचा. आजीच्या लग्नाचा एकही फोटो आपल्याकडे नाही. पत्रिका नाही. जे लेखी आहे ते एवढंच, आणि ते काट्यावर चढवायला निघालोय आपण.

सगळंच ठेवा असं म्हणत नाही. शहरातल्या फ्लॅटमध्ये घंगाळ ठेवायचं कुठे, हे मलाही कळतं. पण दादा, वहिनी, आत्या, एवढं करू या. प्रत्येक भांडं घासून त्यावरचं नाव-गाव-साल वहीत उतरवून घेऊ, फोटो काढू, मग काय द्यायचं ते ठरवू. मोठं घंगाळ मी नेतो, कुणाची हरकत नसेल तर. आणि नाव घालायला कोण यायचं हे आत्याला आठवत असेल, तर तेही त्याच वहीत लिहू.

दिवाळीला सगळे जमणारच आहोत. चिंच आणि जुनी फडकी मी आणून ठेवतो.