बुडाखालचा शिक्का

चिनी मातीच्या बाहुल्या आमच्याकडे वर्षभर काचेच्या कपाटात असत. खाली उतरत त्या फक्त चैत्रात. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला पायऱ्यांची आरास मांडली, की छत्रीवाली गोरी मडम बेधडक अन्नपूर्णेच्या शेजारी उभी राही. खाली आरशाचं तळं, काठाला हिरवा रंगवलेला लाकडाचा भुसा आणि आरशावर पांढरी बदकं. एकाची मान मोडून लाखेनं चिकटवलेली. ते तेवढं भिंतीकडे तोंड करून बसे. आंब्याची डाळ खाता खाता बायका कौतुक करत: झालर किती नाजूक, बोटं कशी घडवलीत! बाहुली कुठल्या कारखान्यातली, हे कुणी विचारल्याचं आठवत नाही. ‘जर्मनची’ किंवा ‘जपानी’ एवढं सांगितलं की पुरे, आणि तेही बहुधा ठोकून दिलेलं.

बुडाशी मतलब होता तो आम्हा पोरांना. तिथे बारीक भोक असे, त्यात काडेपेटीची काडी घालायची. प्लास्टरच्या साच्यात पातळ माती ओततात, साच्यालगत थर धरला की उरलेली ओतून टाकतात, म्हणून बाहुली पोकळ. भट्टीत आतली हवा कोंडून ती फुटू नये म्हणून ते भोक, हे फार पुढे कळलं.

आता मुंबईच्या चोरबाजारात, मटन स्ट्रीटवर, बाहुली हाती आली की शौकीन माणूस तिला आधी उलटी करतो. तोंड नंतर. निळ्या तलवारींची फुली दिसली की श्वास अडकतो. ती माइसेनची खूण. सॅक्सनीतला हा कारखाना १७१०चा, अस्सल पोर्सेलेन करणारा युरोपातला पहिला. योहान योआखिम केंडलरनं १७३१पासून तिथेच बाहुल्या घडवल्या. अर्थात त्या तलवारींच्या नकलाही उदंड. देशाचं नाव इंग्रजीत असेल, तर वस्तू बहुधा १८९१नंतरची, कारण त्या साली अमेरिकेनं आयात मालावर ते सक्तीचं केलं. ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’ असेल तर महायुद्धानंतरची, १९५२च्या आतली. हा शोध मलाही आवडतो, खोटं कशाला बोलू? पण टवका उडालेली बाहुली क्षणात अर्ध्या किमतीची होते, ते काही पटत नाही. वापरातली वस्तू फुटणारच की!

आपल्या मुंबईच्या मातीकडे मात्र तेव्हा आमचं लक्षच नव्हतं. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये जॉर्ज टेरींनी एकोणिसाव्या शतकात कुंभारकामाला चालना दिली. १८७२ ते १८८५ या काळात तिथलेच शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली तिथल्या विद्यार्थ्यांनी अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला केल्या, आणि अजिंठ्याची ती माणसं फुलदाण्यांवरही उतरली. त्यातली काही भांडी भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात आहेत. लहानपणी राणीच्या बागेत आम्ही हत्ती-माकडं बघायला जायचो. शेजारच्या त्या इमारतीत शिरायचो ते ऊन लागलं तर. डागडुजी होऊन २००८मध्ये ती पुन्हा उघडली, तेव्हापासून खास त्या भांड्यांसाठी जातो. काचेआड असल्यामुळे तिथे काही उलटं करून बघता येत नाही. तोंडाकडेच बघावं लागतं, आणि मला ते बरं वाटतं.