कोणती प्रत घ्यावी?

ग्रंथाचा अभ्यास करायचा तर आधी 'कोणती प्रत?' हे ठरवावे लागते, हे साहित्याच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगायला नको. ज्ञानेश्वरी वाचायची ती एकनाथांनी शके १५०६ मध्ये शुद्ध केलेल्या पाठाच्या परंपरेतली, की राजवाड्यांनी १९०९ साली प्रसिद्ध केलेली, एकनाथपूर्व म्हणून पुढे आणलेली? हा वाद आपण निदान एम.ए.च्या वर्गात ऐकलेला असतो. संगणकाच्या प्रांतात शिरणाऱ्या नवशिक्यालाही पहिल्याच पायरीवर हाच प्रश्न अडवतो, हे मला २०१८च्या जून महिन्यात समजले.

निमित्त साधे होते. आमच्या महाविद्यालयाच्या वार्षिक अंकांची सूची कागदी कार्डांवर तयार होती. ती महाजालावर, शोधता येईल अशा रूपात ठेवायची होती. काम एम.ए.च्या एका विद्यार्थिनीने अंगावर घेतले आणि तिच्याबरोबर मीही शिकायला बसलो. साधन म्हणून जँगो सुचवण्यात आले. जँगो ही संकेतस्थळ उभारण्याची चौकट, म्हणजे ज्याला वेब फ्रेमवर्क म्हणतात ते. विदागाराशी बोलणे, पत्ते जुळवणे, पाने मांडणे ही नेहमीची कामे तिथे आयती मिळतात. आपण फक्त आपल्या विषयापुरते लिहायचे. तिचा जन्म एका वृत्तपत्राच्या कचेरीतला, ही गोष्ट मला विशेष आवडली. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाचे गाव आहे. तिथल्या दैनिकासाठी एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन यांनी २००३ मध्ये ती घडवायला घेतली, २००५च्या जुलैत ती सर्वांसाठी खुली झाली आणि नाव मिळाले ते जँगो राइनहार्ट या जॅझ गिटारवादकाचे.

असो. आमच्यापुढे तीन आवृत्त्या होत्या. ग्रंथालयातले पुस्तक १.८ या आवृत्तीवर बेतलेले होते. ती आवृत्ती एप्रिल २०१५ची, आणि तिची देखभाल दोनच महिन्यांपूर्वी थांबलेली. दुसरी १.११, जी पायथन या भाषेच्या जुन्या, दुसऱ्या पिढीवरही चालत असे. तिसरी डिसेंबर २०१७ मध्ये आलेली २.०, तिने त्या जुन्या पिढीशी संबंधच तोडला होता. 'नवी ती चांगली' असे म्हणून मोकळे व्हावे, तर तेही सरळ नव्हते. १.११ ही दीर्घ मुदतीची आवृत्ती असल्याने तिला एप्रिल २०२० पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार होत्या, २.०ची मुदत मात्र एप्रिल २०१९ लाच संपणार होती. धाकटी आवृत्ती थोरलीच्या आधी जाणार! पुस्तकांच्या जगात असा प्रकार माझ्या पाहण्यात नाही.

विद्यार्थिनीचा कल १.११ कडे होता. "सर, नोकरीच्या ठिकाणी सगळीकडे जुनेच चालते. नवे शिकून मी ते वाचणार कशी?" हा प्रश्न उडवून लावण्याजोगा नव्हता. तिच्याजवळ एक वर्ष होते, दुपारचे दोन तास संगणक मिळत होता, आणि या शिक्षणावर पुढे पोट भरता येईल अशी तिला आशा होती. आवृत्तीची निवड माझ्या दृष्टीने कुतूहलाची बाब असेल. तिच्या दृष्टीने नव्हती.

निर्णय झाला तो मराठी अक्षरांवरून. पायथनच्या दुसऱ्या पिढीत साधी अक्षरमाला म्हणजे बाइटांची रांग असे. 'मराठी' हा शब्द देऊन त्याची लांबी विचारली, तर युटीएफ-८ या प्रचलित संकेतनात उत्तर १५ येई, कारण देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. डिसेंबर २००८ मध्ये आलेल्या तिसऱ्या पिढीने प्रत्येक अक्षरमाला युनिकोडची मानली. तिथे उत्तर येते ५. म, र, काना, ठ, वेलांटी. आपण म्हणू तीन अक्षरे! छंदःशास्त्र शिकलेल्या माणसाला दोन्ही उत्तरे अमान्यच होतील. पण दुसऱ्या उत्तराशी निदान वाद घालता येतो, त्यात लिपीचे भान आहे. जुन्या पद्धतीत लेखकाचे नाव पडद्यावर यावे म्हणून 'युनिकोड' नावाचा वेगळा विधी लिहावा लागे, आणि कुठे विसर पडला की मराठी नावाशी गाठ पडताच आज्ञावली कोसळे. इंग्रजीत काम करणाऱ्याला हा जाच फारसा जाणवत नसे. सूची मराठी, म्हणून आम्ही २.० घेतली.

त्या आवृत्तीतला दुसरा एक बदल मला साहित्याच्या माणसासाठी फार बोलका वाटतो. सूचीत लेखाची नोंद लेखकाच्या नोंदीला बांधलेली असते. उद्या लेखकाची नोंद कोणी पुसली, तर त्याच्या लेखांचे काय व्हावे? १.x आवृत्त्यांत हे न सांगताही चालत असे, आणि न सांगितल्यास लेखही मुकाट्याने पुसले जात. २.० पासून 'ऑन डिलीट' म्हणजे पुसल्यावर काय, हे लिहिल्याशिवाय काम पुढे सरकतच नाही. लेखही पुसायचे, की लेखकाची जागा रिकामी ठेवून लेख राखायचे, की लेख शिल्लक असेतो लेखकाला पुसूच द्यायचे नाही? आमच्या अंकांत टोपणनावांनी लिहिणारे भरपूर. दोन नावे एकाच व्यक्तीची निघाली, म्हणून एक नोंद काढायची वेळ वारंवार येणार. आम्ही तिसरा पर्याय निवडला आणि त्यावर एक अख्खी दुपार वाद घातला. संपादनशास्त्राच्या तासाला अशी चर्चा क्वचितच रंगते.

पत्ते लिहिण्याची पद्धतही बदलली होती. पूर्वी त्यासाठी चिन्हांची सांकेतिक भाषा यावी लागे, २.० मध्ये 'पाथ' आल्यावर 'इथे वर्षाचा आकडा येईल' एवढे सांगितले की भागू लागले. नवशिक्याला हे सोपे, यात शंका नाही. ती सांकेतिक भाषा मात्र पाठचिकित्सा करणाऱ्या प्रत्येकाने शिकावी असे माझे मत आहे. शब्दाची सगळी वेगवेगळी लेखने एका झटक्यात शोधायला तिच्यासारखे साधन नाही.

राहिला विद्यार्थिनीचा मूळ प्रश्न. त्याचे उत्तर मला १९६२च्या लेखननियमांत दिसते. त्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. आज मुलांना 'नाहीं' आणि 'कां' लिहायला कोणी शिकवत नाही. तरीही केतकर-राजवाडे वाचताना विद्यार्थी त्या टिंबांना थोड्याच दिवसांत सरावतो. लिहायचे नव्या नियमांनी आणि वाचता दोन्ही यावे, असा आपला व्यवहार आहे. उलट्या क्रमाने, म्हणजे आधी टिंबे द्यायला शिकून मग ती गाळायला शिकणे, हा दुप्पट खटाटोप. जँगोच्या बाबतीत तर जुन्या वळणाची माहिती नव्यातच नोंदलेली असते: काढून टाकायच्या गोष्टीबद्दल आधीच्या आवृत्त्या इशारे देत राहतात, आणि प्रत्येक आवृत्तीबरोबरच्या टिपणांत काय गेले, त्याजागी काय आले हे लिहिलेले असते. पाठभेदांची इतकी चोख नोंद आपल्या संतवाङ्मयाच्या किती आवृत्त्यांना लाभली आहे?

एक सावधगिरी मात्र हवी. शिकवणारा पाठ आणि साधन एकाच आवृत्तीचे असावेत. १.८चे पुस्तक उघडून २.० वर हात चालवला, तर पहिल्याच तासाला अशा चुका समोर येतात की दोष आपला, पुस्तकाचा की यंत्राचा हे नवशिक्याला कळत नाही, आणि तो बहुधा स्वतःला दोष देऊन उठून जातो. जँगोचा अधिकृत प्राथमिक पाठ प्रत्येक आवृत्तीसाठी वेगळा मिळतो. आम्ही ग्रंथालयाचे पुस्तक परत केले आणि तोच धरला.

एप्रिल २०१९ मध्ये २.२ ही दीर्घ मुदतीची आवृत्ती आली, तेव्हा सूची एका दुपारीच तिच्यावर गेली. विद्यार्थिनीला पुढे खरोखरच १.११ वर चालणाऱ्या कामावर बसवण्यात आले. सरावायला महिनाभर लागला, असे तिने कळवले. सूची आता ५.२ वर आहे. ही एप्रिल २०२५ची आवृत्ती, देखभाल एप्रिल २०२८ पर्यंत. यंदा काम पाहणाऱ्या मुलाला मी हीच घ्यायला सांगितली, आणि टोपणनावांच्या नोंदींना हात लावण्याआधी 'ऑन डिलीट'चे प्रकरण वाचायला.