बिनानावाचे फोटो

हार्ड डिस्क बिघडली की आतलं सगळं 'उडालं' असं आपण म्हणतो. खरं तर बहुतेक वेळा फारसं काही उडालेलं नसतं. नेरच्या घरातली डिस्क बिघडली, त्या निमित्ताने जे कळलं ते लिहून ठेवतोय. नातेवाईक मंडळींनी कंटाळा आला तरी शेवटपर्यंत वाचावं, कारण शेवटी तुमच्यासाठी एक काम आहे.

नेर म्हणजे आमचं नेर परसोपंत, यवतमाळ-अमरावती रस्त्यावरचं. (धुळ्याकडेही एक नेर आहे, त्यामुळे पत्ता सांगताना हमखास घोळ होतो.) मोठे बाबा तिथे शिक्षक होते. निवृत्तीनंतर त्यांनी दोन उद्योग केले. घरातले जुने फोटो वाळवी लागायच्या आत स्कॅन केले, आणि घराच्या आठवणी टाइप करून ठेवल्या. प्रत्येक फोटोला त्यांनी नाव दिलं होतं. 'दारव्हा स्टेशन, आत्याची पाठवणी', 'पोळा, धाकट्याचं पहिलं वर्ष' अशी. हे सगळं ५०० जीबीच्या एका डिस्कवर. २०१५ साली ते गेले. डिस्क राहिली. दिवाळीला सगळे नेरला जमलो की ती टीव्हीला लावायची, हा आमचा ठरलेला कार्यक्रम.

गेल्या दिवाळीत लावली तर टीव्हीने ओळखलीच नाही. कॉम्प्युटरला जोडली, तर त्याने नम्रपणे विचारलं, फॉरमॅट करायची का? चुलतभावाचा मुलगा शेजारी होता. त्याने 'नाही' दाबलं आणि डिस्क काढून ठेवली. त्या पोराचे उपकार आहेत.

म्हणजे झालं काय होतं? डिस्कवर एक नोंदवही असते. कुठली फाइल कुठून सुरू होते, तिचं नाव काय, हे तीत लिहिलेलं असतं. आपल्या भाषेत सांगायचं तर सातबारा. आता सातबारा जळाला म्हणून शेत जात नाही. पऱ्हाटी उभीच असते, फक्त ती कुणाची हे सांगणारा कागद नसतो. आमच्या डिस्कची नोंदवही खराब झाली होती आणि काही तुकडे वाचता येत नव्हते. बाकीचं शेत जागेवर होतं. मात्र अशा डिस्कवर नवीन काही लिहिलं, तर तेवढ्यावर नांगर फिरला म्हणून समजा.

(डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मात्र घरी काहीच करू नका. आतल्या तबकडीवरून वाचणारं डोकं काही नॅनोमीटर अंतरावरून फिरतं, धुळीचा कणसुद्धा तिथे धोंड्यासारखा. अशी डिस्क धूळ नसलेल्या खास खोलीतच उघडतात.)

आमची डिस्क टकटकत नव्हती. पुतण्याने आधी तिची जशीच्या तशी नक्कल दुसऱ्या डिस्कवर घेतली. त्यासाठी 'डीडीरेस्क्यू' नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्याची रीत मला फार आवडली. ते आधी सोपं सोपं वाचून घेतं, अडलेल्या जागा सोडून पुढे जातं आणि मग सवडीने मागे येतं. परीक्षेत हुशार पोरं पेपर सोडवतात तसं. शिवाय कुठपर्यंत आलो याची नोंद ठेवतं. नेरमध्ये याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. दोन दिवसांत तीनदा लाइन गेली, पण दर वेळी काम थांबलं तिथूनच पुढे सुरू झालं.

मग नक्कलेवर 'फोटोरेक' चालवलं. ते नोंदवहीकडे बघतच नाही. प्रत्येक जेपेग फोटोची सुरुवात ठराविक खुणेने होते, ती खूण शोधत ते डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळतं. रात्रभर चाललं. सकाळी बघतो तर हजारो फाइली! त्यातल्या स्कॅन केलेल्या जुन्या फोटोंपैकी जवळपास सगळे परत आले होते. घरात पेढे वाटायचेच बाकी होते.

आणि मग लक्षात आलं की नावं गेली.

नावं त्या नोंदवहीत होती ना! परत आलेल्या प्रत्येक फाइलचं नाव म्हणजे एक 'एफ' आणि पुढे लांबलचक आकडा. फाइल डिस्कवर कुठे सापडली त्या जागेचा. डिजिटल कॅमेऱ्याच्या फोटोत तारीख आतच लिहिलेली असते, पण स्कॅन केलेल्या फोटोत फार तर स्कॅनची तारीख सापडते. माणसं परत आली ती अनोळखी होऊन.

काही फोटो स्वतःच थोडं बोलले. एका फोटोत शकुंतला रेल्वे उभी आहे, इंजिनातून धूर निघतोय. यवतमाळ-मूर्तिजापूर मार्गावरचं वाफेचं इंजिन १९९४ मध्ये गेलं, मग डिझेल आलं. म्हणजे फोटो त्याआधीचा. एका जीपवर एमएच-२९ नाही, जुनी तीन अक्षरी पाटी आहे. म्हणजे साधारण १९८९ च्या आधीचा. असं डिटेक्टिव्हगिरी करत सालं जुळवता येतात. पण दारात उभी असलेली ती बाई कोण, हे कुठलं इंजिन सांगणार?

ते मोठी आई सांगते. ती आता चौऱ्याऐंशीची आहे. मोतीबिंदू काढलाय, कान जरा मंद, आणि सकाळी काय जेवली ते संध्याकाळी आठवत नाही. पण लॅपटॉप पुढे ठेवला की सुरू होते. "अरे, हे तं तुही आत्या व्हय. पाह्य ना, पदर कसा घेतला थे." पोळ्याच्या फोटोत तिला दोन्ही बैलांची नावं लगेच आठवली, शेजारी उभ्या जावयाचं आठवायला मात्र चहा संपला! मी म्हटलं, आपण आधी सगळ्यांची यादीच करू. तर म्हणाली, "नाव इचारशीन तं नाही सांगता येत मले. फोटो पाह्यला की येते."

हे ऐकलं आणि कसंतरीच झालं. म्हणजे फोटोंची नावं तिच्याकडे, आणि तिची आठवण फोटोंकडे. खरी घाई डिस्कची नव्हतीच कधी.

मोठ्या बाबांच्या आठवणींची गंमत आणखी वेगळी. त्या फाइली धड परत आल्या, पण उघडल्या तर इंग्रजी अक्षरं, कंस, अर्धविराम यांची खिचडी. त्यांनी कृतिदेवमध्ये टाइप केलं होतं. युनिकोड घरोघरी पोचायच्या आधी मराठी अशीच लिहिली जायची. आत अक्षरं इंग्रजीच, वर फॉन्टने मराठी कपडे चढवायचे. आणि श्रीलिपीचे कपडे वेगळे, कृतिदेवचे वेगळे, शिवाजीचे वेगळे. फॉन्ट टाकला आणि पडद्यावर मोठे बाबा बोलायला लागले. मग ते युनिकोडमध्ये बदलून घेतलं, तरी ऱ्हस्व वेलांट्या आणि रफार इकडेतिकडे पळालेत, ते हाताने दुरुस्त करतोय. आमच्या घरात मोडीतला एक कागद आहे. कागद धडधाकट, पण वाचणारं घरात कुणी नाही. या फाइलींचंही तसंच व्हायचं होतं.

तर आता काय करतोय ते सांगतो. प्रती तीन ठेवल्यात, त्यातली एक दुसऱ्या गावी. ते तर सगळेच सांगतात. पण दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. मोठी आई सांगते ती नावं आता फाइलच्या नावात नाही, फोटोच्या आतच वर्णनाच्या जागेत लिहितोय. नोंदवही पुन्हा कधी जळाली तरी फोटो परत येताना नाव घेऊनच येईल. शिवाय ती बोलत असताना मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू ठेवतो. दर शनिवारी संध्याकाळी पुतण्या तिच्यासमोर लॅपटॉप घेऊन बसतो आणि मी इकडे पुण्यात फोनवर. वीसेक फोटो झाले की ती दमते. आतापर्यंत एकशे साठ झाले, अडीचशेच्या आसपास बाकी आहेत.

आता तुमचं काम. मूळ फोटो मोठ्या बाबांनी बऱ्याच जणांना वाटून टाकले होते. तुमच्याकडे असतील तर उलटून मागची बाजू बघा. त्यांना मागे पेन्सिलीने लिहायची सवय होती. जे असेल ते जसंच्या तसं मला कळवा.

आणि एक फोटो सगळ्यांना पाठवतोय. विहिरीच्या काठावर एक तरुण बाई बसली आहे, कडेवर मूल, उन्हामुळे डोळे बारीक केलेले. मोठी आईने तो तीनदा पाहिला आणि तिन्ही वेळा म्हणाली, "आपल्यातलीच व्हय, पन कोन थे नाही सांगता येत." ज्याला ओळखू येईल त्याने रात्री-अपरात्री फोन केला तरी चालेल.