जाळीचा शेला

गोमंतकात थंडी पडते असे घाटावरच्या माणसाला सांगितले की तो सौजन्याने हसतो, आणि पणजीच्या हवामानाचे आकडे पाहिले तर त्याच्या हसण्याला आधारही सापडतो, कारण पौषातल्या रात्रीसुद्धा तिथला पारा विसाच्या फारसा खाली उतरत नाही. परंतु पेडणे महालातल्या एखाद्या देवळाच्या प्रांगणात उघड्यावर बसून ज्याने दशावतारी काला उजाडेपर्यंत पाहिला आहे, त्याला या आकड्यांत न मावणारी एक थंडी ठाऊक असते. ती वाऱ्याने येत नाही, दंवाने उतरते. संकासुराची थट्टामस्करी संपून मुख्य आख्यानाला रंग चढू लागला की केसांवर, पदरावर, चटईच्या कडांवर ओल जाणवू लागते. पुरुषमंडळी पंचा कानांवरून गुंडाळून घेतात, मुले आईच्या मांडीवर चादरीत गुरफटून निजतात, आणि बायका पदर उजव्या खांद्यावरून पुढे ओढून घेऊन तशाच बसून राहतात. लोकरीची शाल त्या हवेला जड होते, थोड्याच वेळात तिच्यातून अंगाला घाम सुटतो. नुसता पदर अपुरा पडतो. या दोहोंच्या मधले असे एखादे वस्त्र असावयास हवे होते, आणि माझ्या माहेरी पार्से गावात किंवा आसपासच्या कोणत्याही घरात ते नव्हते.

याचे आश्चर्य मला फार उशिरा वाटले. क्रोशाच्या कामाचा आमच्याकडे दुष्काळ होता असे मुळीच नाही. रेडिओवर जाळीचा रुमाल होता, तिपाईवर होता, आरशाच्या चौकटीवर होता. पाण्याच्या तांब्यावर कडेला मणी ओवलेले झाकण, उशांच्या अभ्र्यांना बोटभर रुंदीची लेस, दाराला तोरण, आणि पुढे दूरचित्रवाणीचा संच घरात आला तेव्हा त्याच्याही डोक्यावर झालर आली. मुलगी पाहावयास पाहुणे आले की हे सारे काम त्यांच्यापुढे रुजू केले जाई, आणि टाके एकसारखे आहेत की नाहीत यावरून मुलीचा स्वभाव जोखणाऱ्या जाणत्या बायकाही त्या पाहुण्यांत असत. घरातल्या निर्जीव वस्तूंना एवढे वस्त्रवैभव लाभले असताना, ते निर्माण करणाऱ्या बाईच्या स्वतःच्या खांद्यावर टाकायला त्यातले वीतभर कामही नव्हते, ही गोष्ट आमच्यापैकी कोणालाही विपरीत वाटली नाही. माझ्या आईने आयुष्यभर सुई चालवली, पण स्वतःसाठी काही विणल्याचे मला स्मरत नाही.

ही विद्या आमच्याकडे शापोरा नदीच्या पलीकडून आली. बारदेश, तिसवाडी आणि साष्टी या जुन्या काबिजादींत सोळाव्या शतकापासून पोर्तुगीज अंमल होता. डिचोली महाल १७८१ मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये त्या अंमलाखाली गेला, आणि तोवर धर्मांतराचा आवेश ओसरलेला असल्यामुळे इकडची देवळे व चालीरीती बव्हंशी जागच्या जागी राहिल्या. त्यामुळे चर्चमधल्या वेदीवरचे आच्छादन, बाळाचा बाप्तिस्म्याचा झगा, नवरीच्या डोक्यावरचे अवगुंठन यांसाठी लागणारी लेस ही नदीपलीकडच्या ख्रिस्ती घरांची गरज होती. आमच्या बायकांची बोटे अबोलीचे वळेसर गुंफण्यात आणि तुळशीपुढे रांगोळी घालण्यात गुंतलेली असत. खुद्द क्रोशाची कलाही समजतात तेवढी पुरातन नव्हे. युरोपात तिला आजचे रूप एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आले, आणि १८४५ नंतर आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक बुडून घोर दुष्काळ पडला तेव्हा मठांतल्या भगिनींनी व दानशूर स्त्रियांनी तिथल्या मुलींना ती शिकवून कित्येक कुटुंबांच्या तोंडी घास घातला. आपल्या देशात आंध्रातील नरसापूरच्या परिसरात मिशनऱ्यांनी त्याच शतकात लेसकाम रुजवले व त्याचा परदेशी व्यापार झाला. मारिया मीस या जर्मन विदुषीने १९८२ साली त्या बायकांवर लिहिलेल्या पुस्तकात दाखवून दिले आहे की दिवसाचे कित्येक तास विणून जगाच्या बाजारपेठेला माल पुरवणाऱ्या या बायकांची गणना ‘गृहिणी’ अशी होई, आणि त्यांचे श्रम हा फावल्या वेळचा विरंगुळा समजला जाई. म्हणजे तिथे बाईचे विणणे व्यापाऱ्याच्या हिशेबी गेले आणि आमच्याकडे रेडिओच्या डोक्यावर. विणणारीच्या खांद्यापर्यंत ते दोन्हीकडे पोहोचले नाही.

मला सुई धरावयास शिकवले ते शिवोलीच्या एका वृद्ध ख्रिस्ती बाईंनी, ज्यांना आम्ही सगळ्या ‘टीचर’ म्हणत असू. चोपडे आणि शिवोली यांना जोडणारा पूल तेव्हा व्हावयाचा होता. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला जाणाऱ्या माणसांबरोबर आम्ही मुली फेरीबोटीने पलीकडे उतरत असू आणि बाजारहाट उरकून मंडळी परत येईपर्यंत टीचरांच्या बल्कांवावर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, बसून धडे गिरवत असू. साखळी, खांब, दोन वेढ्यांचा लांब खांब, वेढा न घेता काढलेला मुका खांब: एवढ्या चार अक्षरांत या विद्येचे सारे वाङ्मय लिहिले जाते. बाई रागावत नसत. त्यांचे एकच पालुपद असे, “बाय, हात मात्सो सदळ सोड.” हात जरा सैल सोडण्याचा हा उपदेश सर्व मुलींना सरसकट होई, कारण प्रदर्शनासाठी विणणारा हात आपोआप आवळतो; घट्ट काम नीटनेटके दिसते, खळ धरते, ताठ उभे राहते, आणि टेबलावर ठेवावयाच्या वस्तूला त्याहून अधिक काही नको असते.

अंगावर घ्यावयाच्या वस्त्राला मात्र नेमके तेच घातक ठरते, आणि डिचोलीस सासरी आल्यावर पुढे पुष्कळ वर्षांनी मी पहिला शेला घालावयास घेतला तेव्हा सारा विचार याच एका मुद्द्याभोवती फिरला. ऊब दोऱ्यात नसते. दोऱ्याने अडवून धरलेल्या स्थिर हवेत असते. सुती दोरा लोकरीसारखा हवेला आपल्या तंतूंत कोंडून ठेवीत नाही, तेव्हा ती हवा कामातल्या घरांनी धरून ठेवावयास हवी, आणि घर फार मोठे झाले तर ती निसटते, फार लहान झाले तर वस्त्र जड होऊन लोकरीचाच दोष त्यात येतो. दोऱ्याचा नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक. टेबलावरच्या रुमालांना चाळीस नंबरी दोरा आणि केसासारखी पोलादी सुई लागते. मी वीस नंबरी सूत घेतले आणि त्याला शोभेल त्याहून बरीच जाड, लोकरीसाठी विकली जाणारी तीन मिलिमीटरची सुई लावली. दुकानदाराने ही जोडी जुळत नाही असे दोनदा बजावले. त्याच्या शास्त्राप्रमाणे ते बरोबरच होते. परंतु जाड सुईने काढलेला टाका सैल बसतो, आणि टाका सैल बसल्याशिवाय काम अंगावर वळत नाही, खांद्यावरून ओघळत नाही.

दुसरा विचार दिशेचा. टोकांना अननसाची नक्षी घालावयाचे मी ठरवले होते. हे फळ पोर्तुगिजांबरोबर अमेरिकेच्या भूमीतून आले आणि काजूप्रमाणेच इथले होऊन गेले. डिचोलीकडच्या कुळागरांत माडा-पोफळींच्या सावलीत ते आजही पिकते. क्रोशातला अननस तळाशी एका घरात दाटीने काढलेल्या लांब खांबांच्या पंख्यापासून सुरू होतो, पुढच्या ओळीत त्या खांबांवर साखळ्यांच्या कमानी येतात, आणि मग दर ओळीला एक कमान कमी होत होत शेवटी शेंड्याला एकच उरते. म्हणजे या नक्षीला तळ आहे आणि शेंडा आहे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ विणत गेले तर एका खांद्यावरचे अननस शेंडा खाली करून लोंबणार आणि दुसऱ्यावरचे वर करून. टेबलावर हा प्रश्न उद्भवत नाही, कारण टेबलाला पाठ-पोट नसते. यावर उपाय असा की प्रारंभ मध्यातून करावयाचा: मानेच्या मागे येणारी रुंदी तेवढी साखळी घालावयाची, तिच्या एका अंगाने निम्मा शेला विणावयाचा आणि मग त्याच साखळीच्या दुसऱ्या अंगात सुई घालून उरलेला निम्मा उलट दिशेने न्यावयाचा. जोड दिसत नाही. ती पहिली साखळी मात्र आणखी जाड सुईने घालावी लागते, नाहीतर मानेपाशी कायमची चुण पडते.

मधल्या भागात एक खांब, दोन साखळ्या, पुन्हा खांब, अशी साधी चौकटीची जाळी मी ठेवली. त्या भागात नक्षी असावी असे पुष्कळांचे मत पडले, पण पाठीवरचे दागिने स्वतःला दिसत नाहीत आणि वजन मात्र आपल्याला वाहावे लागते. शिवाय साध्या जाळीला लक्ष द्यावे लागत नाही. क्रोशाच्या कामात एका वेळी एकच फासा उघडा असतो. दोन सुयांच्या विणकामात सबंध ओळच सुईवर ताटकळत असते आणि सुई निसटली की ती गळते. त्यामुळे डिचोली-म्हापसा बसमध्ये, दवाखान्याच्या बाकावर, मामलेदार कचेरीत नक्कल मिळण्याची वाट पाहताना, कुठेही हे काम पिशवीतून काढावे आणि हाक आली की तसेच आत टाकावे. माझ्या शेल्याचा बराच भाग सरकारी कचेऱ्यांतल्या प्रतीक्षेत तयार झाला, ही त्या कचेऱ्यांची मजवर झालेली एकमेव कृपा.

रंग मात्र मी निवडला नाही, रस्त्याने निवडला. त्या काळी डिचोली तालुक्यातून लोहखनिजाने भरलेल्या ट्रकांची रांग दिवसभर चालत असे आणि दोरीवर वाळत घातलेले पांढरे कापड संध्याकाळपर्यंत तांबूस होई. बारदेशच्या लेसची शुभ्रता या मुलखात टिकणे शक्यच नव्हते. मी विटकरी सूत घेतले. पुढे २०१२ साली खाणी बंद पडल्या, धूळ बसली, अनेकांच्या पोटावर पाय आला, आणि शेला विटकरीच राहिला.

काम संपले म्हणजे ते धुऊन, पंच्यात गुंडाळून, पिळून न काढता नुसते दाबून, काथ्याच्या गादीवर चादर पसरून तिच्यावर ताणून टाचण्यांनी बसवावे लागते. टाचण्या पितळी हव्यात. आमच्या हवेत लोखंडी टाचणी एका रात्रीत डाग सोडते. हा विधी पावसाळ्यात कोणी करू नये, कारण आषाढात सूत वाळत नाही, कुबटते. खळ बिलकूल द्यावयाची नाही. माझ्या सासूबाईंना हे मान्य नव्हते. पेजेच्या निवळीत बुडवल्याखेरीज लेस ही लेस नव्हे असा त्यांचा पक्का सिद्धांत होता. गादीवर ताणून ठेवलेला तो शेला त्यांनी चष्मा लावून न्याहाळला, एका घरातून बोट आरपार घातले आणि म्हणाल्या, “हें गे कितें, पागेर?” मासे पकडावयाच्या जाळ्याशी केलेली ही तुलना अन्यायाची नव्हती. दुसऱ्या दिवशी मी बाहेरून आले तो शेला दूरचित्रवाणीच्या संचावर, दोन्ही टोके सारखी लोंबतील असा, फारच काळजीपूर्वक पसरलेला. अननस दोन्हीकडे सुलट आले होते.

मी तो तिथून उचलला आणि त्या माघात माहेरच्या काल्याला घेऊन गेले. त्याचे गुण त्या रात्री कळले तसे दोषही. फेरीबोटीवर वारा होता तोवर शेल्याचा काडीचाही उपयोग झाला नाही. वारा घरांतून सरळ आत येत होता. देवळाच्या प्रांगणात हवा थांबलेली होती, तिथे तो पदरावर दुहेरी घेतला आणि राजाचा दरबार भरण्याच्या सुमारास दंव पडू लागले तरी खांदे कोरडे व उबदार राहिले. पहाटेकडे सूत दमट होऊन जरा जड झाले, आणि झोंबाझोंबीचे युद्ध चालू असताना मी तो उलटून घेतला. लोकर मिसळलेले सूत घेतले असते तर ते ओल धरूनही इतके गार पडते ना; पण आमच्या हवेत लोकरीला कसर लागते आणि वर्षाचे दहा महिने तिला डांबराच्या गोळ्यांत पुरून ठेवावे लागते. शेजारी बसलेल्या माझ्या चुलत जावेने शेल्याचे टोक हातात घेऊन खालून वर, वरून खाली दोनदा मोजले आणि खांब किती घातले ते विचारले. आख्यान संपेपर्यंत तिला साखळीचा हिशेब पाठ झाला होता.

त्यानंतर आमच्या दोन्ही गावांत असे शेले झाले, बहुतेक विणणारणींनी स्वतःसाठी घातलेले, आणि एका बाईने तर दूरचित्रवाणीवरची झालर उसवून त्याच दोऱ्यात भर घालून आपला पूर्ण केला. सध्या माझी पुण्यातली नात मागे लागली आहे, तिला कचेरीतल्या वातानुकूलित खोलीत घ्यावयास शेला पाहिजे आणि तोही काळा. काळ्या दोऱ्यातले खांब दिव्याखाली माझ्या डोळ्यांना आता मोजता येत नाहीत. ते काम दिवसा, ओसरीच्या पूर्वेकडच्या कोपऱ्यात बसून करावे लागेल, आणि सकाळची वेळ घरकामाची. चतुर्थीपूर्वी मिळणार नाही, असे मी तिला कळवले आहे.