कोरडवाहू अंगणातले बदक

मस्कव्ही बदक हे इतर पाळीव बदकांच्या गोतातले नाही. पेकिन, खाकी कॅम्पबेल, इंडियन रनर या साऱ्या जाती मॅलार्ड नावाच्या रानबदकापासून उतरल्या. मस्कव्हीचे मूळ मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या नदीकाठच्या जंगलात आहे आणि कोलंबस तिकडे पोचण्याच्या कितीतरी आधीपासून तिथले लोक ते पाळत होते. रानातला हा पक्षी पाण्याकाठी चरतो, रात्री झाडावर बसतो आणि झाडाच्या ढोलीत अंडी घालतो. पायाला पडदे आहेत, तशी अणकुचीदार नखेही आहेत. पिसांवरचे तेल इतर बदकांपेक्षा कमी असते. तोंडावर लाल मांसल गाठी असतात. बदकाची ओळखीची क्वॅक-क्वॅक त्याच्या गळ्यात नाही: नर फिसफिस करतो, मादी हलका चिरका सूर काढते. दाटीवाटीच्या गल्लीत शेजाऱ्यांशी संबंध राखायचे असतील तर ही गोष्ट लहान नाही.

बीड जिल्ह्यात घरचे पाखरू म्हणजे कोंबडी. बदक म्हटले की पहिली शंका पाण्याची येते. गेवराई-माजलगावकडे गोदाकाठ आहे, सिंदफणेवर माजलगावचे धरण आहे. पण पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, धारूर हा बालाघाटाचा माळ बेभरवशाच्या पावसावर जगतो. दुष्काळात जिथे जनावरांसाठी चारा छावण्या उघडाव्या लागतात, तिथे पाणपक्षी पाळणे ही चैन वाटणे साहजिक आहे. केरळातल्या कुट्टनाडात किंवा आसाम-बंगालमध्ये बदके भातशेतीच्या पाण्यावर वाढतात. ते चित्र इथे लागू होत नाही. मात्र ही शंका मस्कव्हीच्या बाबतीत बरीचशी फोल आहे. त्याला तळे लागत नाही. लागते ते एवढेच की चोच आणि डोके पुरते बुडेल इतके खोल पाणी समोर असावे. त्यात ते नाकपुड्या आणि डोळे धुते. ही सोय नसेल तर डोळे चिकटतात, नाक बुजते. कोंबडीच्या उथळ पाणपात्राने भागत नाही. वीतभर खोलीचे सिमेंटचे किंवा मातीचे पसरट भांडे पुरते. पाणी दिवसातून दोनदा बदलावे आणि काढलेले गढूळ पाणी शेवग्याच्या किंवा कढीपत्त्याच्या बुंध्याला द्यावे. ते खतपाणीच असते. खाद्य आणि पाणी शेजारी ठेवावे, कारण कोरडी भरड घशात अडकते.

शेततळे असेल तर बदके त्यात सोडण्याचा मोह होतो. प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या तळ्यात ती सोडू नयेत. नखांनी कागदाला भोके पडतात, आणि उताराचा कागद इतका निसरडा असतो की पिलांना वर चढता येत नाही. ती दमून बुडतात. तळे कागदाचे नसले तरी हिवाळ्यात जिथे परदेशी पाणपक्षी उतरतात तिथे घरची बदके नेऊ नयेत. 2021 च्या जानेवारीत परभणीजवळच्या मुरुंबा गावच्या कोंबड्यांत आणि बीड जिल्ह्यातल्या कावळ्यांत बर्ड फ्लूचा विषाणू सापडला होता. बदक हा विषाणू कधीकधी काहीही लक्षण न दाखवता बाळगते, म्हणून कोंबड्या आणि बदके एकाच खुराड्यात कोंडणे वाईट.

खरी कसोटी पाण्याची नाही, कणगीची आहे. जिल्ह्यात पिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येक धान्याला बदकाच्या बाबतीत काही ना काही खोट आहे. सोयाबीन कच्चे दिले तर त्यातले घटक प्रथिने पचू देत नाहीत. भाजून किंवा पेंडीच्या रूपातच द्यावे. सरकी पेंड म्हशीला मानवते, पण तिच्यातले गॉसिपॉल पाखरांना बाधते. ज्वारी आणि मका पोट भरतात, पण बदकाच्या पिलाला नायसिन हे जीवनसत्त्व कोंबडीच्या पिलापेक्षा बरेच जास्त लागते आणि या धान्यांतून ते पुरेसे मिळत नाही. मग पायांचे घोटे सुजतात, पाय धनुष्यासारखे वाकतात, आणि पिलू बसल्या जागी राहते. दख्खनमध्ये ज्वारीवर राहणाऱ्या गरीब माणसांत दिसणाऱ्या पेलाग्रा या रोगाचा अभ्यास डॉ. सी. गोपालन यांनी हैदराबादेत केला, तोही नायसिनच्याच कमतरतेचा रोग. कोंबडीच्या पिलांचे तयार खाद्य आणले तरी त्यात यीस्टची पूड मिसळावी.

नायसिन भरपूर असलेले घरचे खाद्य म्हणजे शेंगदाणा पेंड. आणि तीच सर्वांत धोक्याची. 1960 साली इंग्लंडमध्ये हजारो टर्की पक्षी आणि बदकाची पिले मेली. शोध लागला तो ब्राझीलहून आलेल्या बुरशी लागलेल्या शेंगदाणा पेंडीपर्यंत, आणि तिच्यातून अफ्लाटॉक्सिन हे विष जगाला कळले. बदकाचे पिलू या विषाला इतके हळवे असते की पुढे ते प्रयोगशाळेत विष ओळखण्यासाठी वापरले गेले. कोंबडी निभावून नेते त्या पेंडीने बदकाचे यकृत निकामी होते. परतीच्या पावसात भिजलेला मका, पोत्याच्या तळाशी जमून गोळा झालेली भरड, कुबट वासाची पेंड यांतले काहीही ‘पाखरांना चालेल’ म्हणून टाकू नये. शिळ्या भाकरीलाही हाच नियम. धान्य उन्हात कडक वाळवून, फळीवर उचलून ठेवावे आणि भरड आठवड्यापुरतीच काढावी. पेरणीतून उरलेले, औषध लावलेले रंगीत बियाणे तर अंगणात सांडूही देऊ नये. उरलेली भूक मस्कव्ही स्वतः भागवते: लसूण घास, शेवग्याचा पाला, गोगलगायी, किडे, माश्या, डबक्यातल्या डासांच्या अळ्या.

निवाऱ्यात फारसे शिकण्यासारखे नाही. मुंगूस, रानमांजर आणि भटकी कुत्री शिरणार नाहीत अशी जाळी, खाली उसाचे पाचट किंवा गव्हाचा भुसा, आणि ओल झाली की तो बदलणे. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो तेव्हा पत्र्याखाली कोंडू नये. लिंबाची दाट सावली उत्तम. नर साडेचार-पाच किलोपर्यंत किंवा अधिकही भरतो, मादी त्याच्या निम्मी. एका नरामागे चार-पाच माद्या ठेवाव्यात. दोन नर एकत्र राहिले तर नखे वापरतात. मादी हलकी असल्याने उडून पत्र्यावर किंवा झाडावर जाते. एका पंखाची मोठी पिसे कापली की तोल जातो आणि ती उडत नाही. वाढत असलेल्या पिसात रक्त असते, ते मात्र कापू नये.

मस्कव्हीचे मोल तिच्या खुडूक बसण्यात आहे. खाकी कॅम्पबेल वर्षाला अडीच-तीनशे अंडी देते, पण ती उबवण्याचे नाव घेत नाही. मस्कव्ही अंडी कमी देते. मात्र दहा-बारा साठली की छातीची मऊ पिसे उपटून घरटे मऊ करते आणि 35 दिवस बसते. मॅलार्ड-वंशाच्या बदकांना 28 दिवस पुरतात, कोंबडीला 21. म्हणून मस्कव्हीची अंडी कोंबडीखाली ठेवली तर बरेचदा कोंबडी मध्येच कंटाळून उठते. उलटा प्रयोग यशस्वी होतो. मस्कव्हीखाली कोंबडीची अंडी ठेवावीत, ती खुशाल बसते. तिच्यासाठी अंधाऱ्या कोपऱ्यात डालगे किंवा लाकडी खोके भुसा घालून ठेवावे. ती दिवसातून एकदा उठते, खाते, डुंबते आणि ओल्या पिसांनी परत बसते. त्या ओलीने अंडी सुकत नाहीत. बालाघाटाच्या कोरड्या उन्हाळी हवेत ही ओल निर्णायक ठरते, त्यामुळे शक्य तर पावसाळ्यातच बसवावी. मस्कव्ही नर आणि मॅलार्ड-वंशाची मादी यांच्या संकरातून होणारी पिले वांझ असतात, वंश पुढे जात नाही.

रोगांत डक प्लेग आणि बदकांचा कॉलरा हे दोन मोठे. दोन्हींच्या लसी आहेत. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी विचारून ठेवावे, मरतूक लागल्यावर विचारून उपयोग नसतो. नवे पक्षी आणले की ते तीन आठवडे वेगळे ठेवावेत.

अंड्यांचा धंदा करायचा असेल त्याने मस्कव्हीच्या वाटेला जाऊ नये. घरापुरते मांस, डास-माश्यांचा बंदोबस्त आणि उबवणी यंत्राशिवाय पिले हवी असतील, तर या कोरड्या जिल्ह्यात तिच्याइतके सोयीचे बदक दुसरे नाही. सुरुवात अंगभर पिसे आलेल्या एका नर आणि तीन माद्यांपासून करावी, आणि त्याआधी कणगी झाडून घ्यावी.