पाठीमागचा चेहरा

भद्रावतीस मुखवटा म्हटला कीं तान्ह्या पोळ्यांतलीं मुलांचीं सोंगें डोळ्यांपुढें येतात. आम्हीं फाल्गुनांत केला तो मात्र खेळासाठीं नव्हे. आमच्याकडे कामास येणाऱ्या बाई चैत्रांत मोहफुलें वेचावयास रानांत जातात. वेचणारें माणूस ओणवें, आणि वाघ बहुधा पाठीमागून येतो. १९८६ सालीं सुंदरबनांत रानांत जाणाऱ्यांस डोक्यामागें बांधावयास माणसाच्या चेहऱ्याचे मुखवटे दिले होते, हें ऐकतांच त्या म्हणाल्या, "ताई, मले बी एक करून द्या न!"

कागदी मुखवटा घामानें मऊ पडतो. म्हणून ५ मिलिमीटर जाडीचा फोम घेतला. डोक्यावर कागद बसवून, चोळीला टक घालतों तशा चुणीच्या जागीं पाचरी कापल्या व तोच बेत फोमवर उतरविला. चपलांचें सोल्यूशन दोन्ही कडांस लावून दहा मिनिटें थांबावें, मगच दाबावें. खिडक्या उघड्या असाव्या, वास डोक्यांत जातो. डोळे मोठे रंगविले. बाई ओणव्या झाल्या तों चेहरा आभाळाकडे पाहूं लागला! तेव्हां वरच्या कडेखालीं जाड पाचर घालून तो खालीं कलता केला.

सुंदरबनांत कांहीं काळ मुखवटेवाल्यांवर हल्ले झाले नाहींत. पुढें वाघांस हूल उमगली, असेंही सांगतात. हें आम्हीं लपविलें नाहीं. एकट्यानें जाऊं नका, असें बजावलें. बाई म्हणाल्या, "एकटी कोन जाते? चौघी जातो आमी. पन पाठ तं सगळ्याईलेच हाय."

उरलेला फोम मोजला. आणखी तीन मुखवटे निघत होते.