चिनी तंबूंकडे का गेला नाहीस?

सेलू, जि. परभणी

चि. सुहास यास,


ऑस्ट्रेलियातल्या बॅलरॅटला सोन्याच्या खाणींची जुनी वस्ती पुन्हा उभी केली आहे, त्या सॉव्हरिन हिलचे फोटो मिळाले. ओढ्यात पाटी हलवत बसलेला अर्णव पाहून फार बरं वाटलं. पण खाली तू लिहिलंस, ‘चिनी लोकांच्या तंबूंकडे गेलो नाही, तिथं विशेष काही नव्हतं.’ ते वाचल्यापासून चैन नाही. दिवाळीनंतर आई आली की तिला तिथं न्यावं का, एवढंच तू विचारलंस. सांगतो, पण आधी हे ऐक.

1851 मध्ये बॅलरॅटला सोनं सापडलं आणि जगभरातून माणूस लोटला. चीनमधून लोक येऊ लागले तशी व्हिक्टोरियाच्या सरकारनं 1855 मध्ये प्रत्येक चिनी माणसामागं दहा पौंडांची पट्टी बसवली. ती चुकवायला जहाजं त्यांना शेजारच्या दक्षिण ऑस्ट्रेलियात, रोब नावाच्या लहानशा बंदरात उतरवायची. तिथून बॅलरॅट चारशे किलोमीटरहून लांब. हजारो माणसं पाठीखांद्यावर ओझी घेऊन ते अंतर चालत गेली. आणि तुला तिथं विशेष काही नव्हतं? व्हिसाचे कागद अडकले होते तेव्हा तू रात्र-रात्र फोनवर माझ्याशी काय बोलायचास ते मी विसरलेलो नाही. त्या तंबूंपुढं सर्वांत आधी तू उभं राहायला हवं होतंस.

1858 मध्ये तिथं सापडलेल्या जवळजवळ 69 किलोच्या सोन्याच्या गोळ्याची माहिती मात्र चार-चारदा पाठवलीस! आणि लाल डगलेवाल्या शिपायासोबत अर्णवचा फोटो. त्याला सांगितलंस का, अशाच शिपायांनी 3 डिसेंबर 1854 च्या पहाटे तिथल्याच खाणकऱ्यांनी उभारलेल्या युरेकाच्या कुंपणावर हल्ला केला, वीसहून अधिक खाणकरी मारले? भांडण परवान्याचं होतं. सुरुवातीला महिन्याला तीस शिलिंग, सोनं लागो न लागो. हे आपल्या कास्तकाराला समजावून सांगावं लागत नाही. बियाणं, खत, फवारणी यांचे पैसे आधी मोजायचे. पुढं बोंडअळीनं कापूस खाल्ला तरी ते परत येत नाहीत. त्याच कापसाला मोंढ्यात पांढरं सोनं म्हणायचं. सोनं कुठलंही असो, लेकराला ते दाखवताना कुणाच्या जिवावर निघालं हेही दाखवावं, असं माझं ठाम मत आहे. नाहीतर नेऊच नये.

त्या ओढ्यात सोन्याचे कण तिथली माणसंच टाकून ठेवतात, हे अर्णवला ठाऊक आहे ना? तू त्याच्याएवढा असताना परभणीच्या सराफ्यात झारेकऱ्यांपाशी उकिडवा बसायचास. दुकानांपुढची धूळ, गटारातला गाळ त्या बायका पाटीत धुवायच्या, आणि उठायचं नाव काढलं की तू रडायचास. त्यांचे हात पाण्यानं पांढरे पडलेले असत. ते तरी त्याला सांग.

शिवाय सोन्याच्या खाणी म्हणजे परदेशातलीच गोष्ट असं त्याला वाटू देऊ नकोस. कोलारची 2001 मध्ये बंद झाली, पण रायचूरकडची हट्टीची खाण अजून चालू आहे. 1956 पर्यंत तीही आपल्याच हैदराबाद राज्यात होती, म्हणून तर तुझे आजोबा, आप्पा, तिकडं कामाला गेले. परत आले ते खोकला घेऊन. शेवटी त्यांना आडवं निजता येत नव्हतं, भिंतीला टेकून बसायचे. तूच पाणी न्यायचास त्यांना.

तुझ्या आईला, शालूला ने, जरूर ने. तंबूंकडे ने, अर्णवला तिच्याजवळ बसव, आप्पांचं तिलाच सांगू दे. खाणीत मात्र उतरवू नकोस, पायऱ्या आहेत. ती जमेल म्हणेल, ऐकू नकोस. परवा मोंढ्यावरून आली आणि जिन्यातच बसली. ‘सुहासला सांगू नको’ म्हणाली, पण मी सांगतोय. ती येईल तेव्हा तिकडं उन्हाळा असेल, दुपारी फिरवू नकोस. गोळ्या घेतल्या का असं विचारलंस तर घेतल्या म्हणेल, तेव्हा डबी उघडून पाहात जा. विमानतळावर चाकाची खुर्ची आधीच सांगून ठेव. नको म्हणेल, तरी सांग. आणि मधे विमान बदलायचं आहे, तिथं तिच्यासोबत कोण असणार? तिकीट काढण्याआधी मला कळव.

तुझा,
मामा